शांततेचा जमाखर्च

कापडव्यापाऱ्याच्या घरी नातवाला खेळांसाठी संगणक हवा होता. वडिलांनी ७०,००० रुपये मंजूर केले. अट एकच, शेजारच्या खोलीतील आजोबांची झोप मोडता कामा नये. नातवाच्या पहिल्या यादीत रंगीत दिव्यांचाच थाट होता.

आजोबांनी विचारले, “आवाज येतो कशाने?”

“वीज खर्च झाली की उष्णता होते, ती काढायला पंखे जोरात फिरतात.”

“म्हणजे उष्णता हे मुद्दल, आवाज हे व्याज. मुद्दलच कमी कर.”

यादी नव्याने मांडली गेली. मोठा वाटा ग्राफिक्स कार्डालाच राहिला, परंतु कमी वीज घेणाऱ्या. दिव्यांऐवजी जाळीदार कॅबिनेट आणि १४० मिलिमीटरचे पंखे आले. मोठा पंखा संथ फिरूनही पुरेशी हवा खेळवतो. साठवणुकीसाठी एसएसडी, तिच्यात फिरणारा भागच नसतो. एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर केली नाही, कारण तो बिघडल्यास इतर भागही जळू शकतात.

शेवटचा उपाय बिनखर्चाचा ठरला. मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवीत असल्याने कार्डालाही तेवढीच मर्यादा घातली. जे दिसणारच नाही, त्यासाठी यंत्राने तापावे कशाला?