हरभऱ्यात आंब उतरली आहे

औसा, जि. लातूर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

प्रिय अक्का,


परवा फोनवर तू ठाण्याच्या पावसाचं इतकं कौतुक केलंस, की मी गप्पच बसलो. रात्रभर राहवेना, म्हणून कागद घेतला. पाऊस तुमच्याकडं बघायचा असतो गं, आमच्याकडं तो निकाल असतो. मृगापासून मान वर करून बसायचं. नाही आला तर दुबार पेरणी. सोयाबीन काढणीला आल्यावर आला, तर शेंगेतच दाण्याला कोंब. उन्हाळ्याचं नावच नको. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते लातूर आपलंच.

म्हणून माझं मत मार्गशीर्षाला. पडायचा तो पाऊस पडून गेलेला, सोयाबीन विकून निम्मी का होईना देणी फिटलेली, आणि रब्बी आपली मुरलेल्या ओलीवर नि थंडीवर वाढतेय. वर्षातले एवढेच दिवस मी आभाळाकडं बघत नाही.

आज पहाटे हरभऱ्यात शिरलो. गुडघ्यापर्यंत पँट चिंब. ते दव म्हणजे नुसतं पाणी नाही, पानांवरची आंब त्यात उतरलेली असते. टाचेच्या भेगांत अशी झोंबली, की आई आठवली. ती रात्री धुतलेलं फडकं पिकावर अंथरायची, सकाळी पिळून बाटलीत भरायची. पोट दुखलं की चमचाभर. (तोंड वाकडं करू नकोस, मलाही चव आठवली.) तिथंच शेंडे खुडले, घरी येऊन घोळाणा केला. कच्चं तेल, मीठ, वर बुक्कीनं फोडलेला कांदा. दोन भाकरी कुठं गेल्या कळलं नाही.

ज्वारी मात्र आता पूर्वीसारखी दिसायची नाही. काढायला माणूस मिळत नाही, म्हणून ज्यानं त्यानं हरभरा धरलाय. आम्हीही खाण्यापुरती नि कडब्यापुरती चार तासं टाकलीत. येळवशीच्या अमावस्येला रानात कडब्याची कोप होईल तेवढ्यात.

कोपीत पुजायचे पाच पांडवांचे दगड चुना लावून ठेवलेत. गेल्या साली आंबिलीचं मडकं मोटारसायकलवरून घसरलं नि निम्मी आंबील बांधावरच सांडली. पोरं म्हणाली, काळ्या आईनं आधीच पिऊन घेतली! यंदा चुलत्यांची बैलगाडी सांगून ठेवलीय. भज्जीला तुरीचे, वाटाण्याचे ओले दाणे घरचेच आहेत, बाजरीचे उंडे मात्र तुझ्या हातचेच पाहिजेत. तुझ्या भावजयीचे फुटतात. हे तिला सांगू नकोस.

अमावस्येला इकडं कलेक्टर सुट्टी देतात, तिकडं कुणी देणार नाही. तू रजा टाक. आणि येताना जुनी चप्पल घाल, हरभऱ्यात चालायचंय.

तुझा धाकटा