अब्बांचे कागद

अब्बा गेल्यावर त्यांच्या पेटीतले कागद मी स्कॅन करायला घेतले. सातबारा, जन्मदाखले, शाळेचे दाखले. हल्ली कुठला कागद कधी मागतील, सांगता येत नाही. म्हणून लिनक्सवर छोटी स्क्रिप्ट लिहिली: संगणक सुरू झाला की नवे स्कॅन बाहेरच्या डिस्कवर उतरवायचे. हाताने चालवली, चालली. क्रॉनमध्ये ‘रीबूट’ची ओळ टाकून निश्चिंत झालो.

तीन महिन्यांनी अम्मीला निकाहनाम्याची प्रत हवी होती. डिस्क घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर त्यात निकाहनामा नाहीच. शेवटची फाइल पहिल्या दिवसाची. संगणक बिघडला असता तर?

घरी येऊन स्क्रिप्टचे संदेश एका फाइलमध्ये लिहून घेतले. उत्तर एका ओळीचं: असा फोल्डर नाही. तेव्हा उलगडलं. डिस्क जोडली जाते ती मी लॉगिन केल्यावर. क्रॉन त्याआधीच धावून मोकळा होतो. मी तपासताना मात्र डिस्क आधीच जोडलेली होती.

मग डिस्कची नोंद यूयूआयडीसह एफएसटॅबमध्ये केली, डिस्क नसली तरी संगणक अडू नये म्हणून ‘नोफेल’ लावलं. क्रॉनची ओळ काढून सिस्टिमडीची सर्व्हिस लिहिली; त्यात ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ची ओळ घातली, म्हणजे डिस्क जोडल्याशिवाय स्क्रिप्ट सुरूच होणार नाही.

संगणक पुन्हा सुरू केला, लॉगिन न करता पाच मिनिटं थांबलो.

“आता नीट आहे ना रे?” अम्मीनं विचारलं.

हो म्हणण्याआधी मी डिस्क उघडून निकाहनामा पाहिला.