आधी काळवीट, मग लेणी

मुलांनो, सहल ठरवायची म्हणजे बाईंना काय, एक गाडी सांगायची नि शिट्टी फुंकायची, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही तसंच वाटायचं!

आमच्या नांदगावहून एका दिवसात दोन गमती बघून होतात. येवल्याच्या रस्त्याला राजापूर-ममदापूरच्या माळावर काळविटं आणि मनमाडजवळ अंकाई-टंकाईची जैन लेणी. पहिल्या वर्षी मी लेणी आधी ठेवली. सकाळच्या गारव्यात पोरं भराभर चढतील, हा माझा हिशेब. चढलीही. दुमजली लेणं, हत्तीवरचा इंद्र, सिंहाजवळची अंबिका, सगळं झालं. माळावर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. ऊन मी म्हणत होतं. काळवीट सोडा, त्याचं शेपूटही दिसेना. पोरांनी आरोळ्या ठोकून पाहिल्या! तिथले एक आजोबा हसून म्हणाले, "बाई, या टायमाला तुमी तरी उन्हात चराल का?"

काळवीट सकाळ-संध्याकाळ चरतं आणि दुपारी सावली धरून बसतं. हे मी वर्गात शिकवलं होतं, पण वेळापत्रक आखताना विसरले.

पुढच्या वर्षी साडेपाचलाच निघालो. वनखात्याला आधी विचारलं होतं. भडक स्वेटर नको, बोलायचं ते कुजबुजत, असं बजावलं होतं. उजाडता उजाडता कळप दिसला. नर काळाभोर, पोट पांढरंशुभ्र, शिंगं पिळाची. माद्या फिकट तपकिरी, बिनशिंगांच्या. एकानं उंच उडी घेतली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. आमची पोरं श्वास रोखून बघत होती.

गप्प होता तो फक्त एकजण. त्याचं गाव तिकडचंच. म्हणाला, "बाई, ही आमच्या हरभऱ्यात शिरतात. आबा रात्रभर राखणीला बसतात. आणि तुम्ही यांना बघायला येता!"

खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. १९७२च्या कायद्यानं काळविटाला मारता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात ती पाण्यासाठी वस्तीकडे येतात, कुत्री मागे लागतात, बिनकठड्याच्या विहिरीत पडतात. असंच एक पाडस त्याच्या आबांनी दोर सोडून वर काढलं होतं. तेही त्यानंच सांगितलं, जरा तोऱ्यात.

मग अंकाईला गेलो. लेण्यांत भर दुपारीही गार वाटतं, म्हणून हा क्रम बरोबर बसला. (भिंतीवर नावं कोरणाऱ्यांची नावं मी मोठ्यानं वाचून दाखवली. पोरं खूप हसली. निदान आमची तरी कोरणार नाहीत!)

यंदा बेतात एक थांबा वाढवलाय. काळविटं बघून झाली की न्याहारी त्या मुलाच्या मळ्यात. राखण कशी करतात, ते आबा सांगणार आहेत. तो मात्र मला बजावून गेलाय, "बाई, पोरांना बांधावरूनच चालायला सांगा हं. काळविटांनी ठेवलेला हरभरा तुम्ही नका तुडवू!"