कोणतं पाणी?

चंद्रावरचं पाणी चांद्रयान-1 मुळे कळलं, हे माझ्या भाचीला शाळेत शिकवलं होतं. तिनं पुढचा प्रश्न मला विचारला, "मावशी, मंग थे पाणी आलं कुठून?" तेव्हापासून मी वाचत सुटले आहे, आणि जितकं वाचावं तितकी चक्रावते आहे.

मी नागभीड तालुक्यातल्या एका गावात जलसुरक्षक आहे. टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची, मग नळाचं पाणी छोट्या काचनळीत घेऊन ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे, थेंब सोडायचे आणि पिवळेपणा किती येतो त्यावरून क्लोरीन पाहायचं, हे माझं काम. खगोलशास्त्राशी आजवर संबंध आला नव्हता.

पहिल्यांदा गोंधळले ते 'सापडलं' या बातमीतच. चांद्रयान-1 22 ऑक्टोबर 2008 ला श्रीहरिकोट्याहून निघालं. त्यावर नासाचं एक उपकरण होतं. चंद्रावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशात 3 मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश त्याला कमी पडलेला दिसला. तो प्रकाश पाण्याचे रेणू शोषतात, तशीच हायड्रोजन आणि ऑक्सिजनची नुसती जोडीही शोषते. कार्ली पीटर्स यांच्या चमूनं सप्टेंबर 2009 मध्ये हे जाहीर केलं. म्हणजे तिथं ना झरा, ना डबकं. खडकाच्या कणांना चिकटलेली ओल, आणि तीही बरीचशी अर्धवट पाणी! मला हे पचवायला वेळ लागला.

मग ही ओल आली कुठून? मला वाटलं, आकाशातून पडली असेल. आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात 2 एप्रिल 2022 ला, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, पेटते गोळे आकाशातून सरकत गेले आणि लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. उल्का पडली, असंच आधी सगळे म्हणाले. तो चिनी रॉकेटचा भाग असावा, असं नंतर जाणकारांनी सांगितलं. पण खऱ्या उल्काही विदर्भात पडतात. 22 मे 2012 ला काटोलला पडलीच होती. आपल्याकडे येणारं बरंचसं हवेतच जळतं. चंद्राला हवा नाही, त्यामुळे तिथं सगळं थेट आदळतं. काही लघुग्रहांच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं, धूमकेतू तर बर्फच घेऊन फिरतात. झालं, मिळालं उत्तर, असं वाटलं.

पण नाही. दुसरा दावेदार खुद्द सूर्य आहे. त्याच्याकडून हायड्रोजनचे कण सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगानं सतत सुटत असतात. ते चंद्राच्या मातीत घुसतात आणि तिथल्या ऑक्सिजनला धरतात. कोरड्या धुळीत पाणी जागच्या जागी तयार होतं! त्यात 2023 मध्ये हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी चांद्रयान-1 चीच नोंद पुन्हा तपासली. पौर्णिमेच्या आसपास चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय शेपटात शिरतो, तिथं सूर्याचे कण फारसे पोचत नाहीत. पाणी बनणं थांबायला हवं होतं, ते जवळपास तसंच चालू दिसलं. पृथ्वीकडून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा त्यात हात असावा, असं त्यांचं मत आहे. कोजागरीला आम्ही दूध आटवत बसतो तेव्हा आपली पृथ्वी वर हे करत असते, हे वाचून मी पुस्तक मिटून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

तिसरं पाणी चंद्राच्या पोटातलं. अपोलो 15 आणि 17 च्या यात्रींनी आणलेल्या ज्वालामुखीच्या काचमण्यांत 2008 मध्ये ते आढळलं.

गावात कोणी 'पाणी खराब आलं' म्हणून आलं की मी आधी विचारते, कोणतं? विहिरीचं, बोअरिंगचं की मामा (माजी मालगुजारी) तलावाचं? तिन्हींची कुळी वेगळी. चंद्राचंही तेच आहे हे लक्षात आल्यावर मला जरा सुधरलं.

कुळी ओळखायची खूण म्हणजे जड हायड्रोजन. आपल्या समुद्रात सुमारे 6,400 हायड्रोजन अणूंमागे एक जड असतो. सूर्याच्या कणांत तो जवळजवळ नसतोच. 67पी या धूमकेतूवर तो समुद्राच्या तिपटीहून जास्त निघाला. चंद्राच्या काचमण्यांतलं मूळ प्रमाण 2013 च्या अभ्यासात पृथ्वीशी आणि कार्बनयुक्त उल्कांशी जुळलं. चँग-ई 5 यानानं डिसेंबर 2020 मध्ये आणलेल्या मातीतले मणी मात्र वेगळे, आघातांनी वितळून बनलेले. त्यांतलं पाणी सूर्याच्या कणांचं निघालं. पोटातलं पाणी आणि समुद्राचं पाणी एकाच मुळाचं असेल, तर पृथ्वीवर एक मोठा गोळा आदळून चंद्र घडला असं मानतात, त्या भयंकर टकरीच्या आगीतून ते टिकलं कसं? मला अजून हे नीट उमगत नाही, आणि ते उमगावं असं फार वाटतं.

राहिला ध्रुवांवरचा बर्फ. ऊन कधीच न पोचणाऱ्या विवरांत तो आहे. 9 ऑक्टोबर 2009 ला नासानं कॅबियस विवरात रॉकेटचा टप्पा आदळवला, तेव्हा उडालेल्या धुळीत वजनाच्या सुमारे साडेपाच टक्के पाणी असल्याचा अंदाज निघाला. पण त्या बर्फाचा नमुना पृथ्वीवर अजून आलेला नाही, म्हणून त्याची कुळी कळलेली नाही. भारत आणि जपान मिळून ल्यूपेक्स मोहीम आखत आहेत. लँडर आपला, रोव्हर जपानचा, आणि दक्षिण ध्रुवाजवळची जमीन खणून पाणी तपासायचं. हे सांगितलं तर भाचीचा प्रश्न तयारच होता: खणताना गरम होऊन बर्फाची वाफ उडून गेली तर? आता मी त्याच्या मागे लागले आहे.