डोंगराकडची माणसं

आमच्या निमगाव सावा गावात एखाद्या शिक्षकाची बदली ‘वर’ झाली की लोक त्याच्याकडे दुखणाईताकडे बघावं तसे बघायचे. वर म्हणजे जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा, सह्याद्रीच्या कड्यालगतची आदिवासी गावं. डी.एड. झाल्यावर २००३ साली जिल्हा परिषदेने माझी पहिलीच नेमणूक वर केली, आंबेगाव तालुक्यात आहुपे खोऱ्यातल्या एका वाडीवर. आईला अन्न गोड लागेना. तिला जंगलातल्या बिबट्याचं भय. वास्तविक त्या काळात बिबटे हिंडत होते ते आमच्याच उसात. २००१पासून जुन्नर तालुक्यात माणसांवर हल्ले झाले होते, शेतांच्या बांधांवर पिंजरे लागले होते, आणि धरलेले बिबटे ठेवायला माणिकडोहला निवारा केंद्र झालं होतं. पण जंगल म्हटलं की आम्हा बागायतदारांना भीती तिकडचीच.

तो मुलूख मी आधी पाहिला नव्हता असंही नाही. कॉलेजच्या सहलीत भीमाशंकरला गेले होते. वाटेत डिंभे धरणापाशी गाडी थांबली. घोड नदीवरचं हे धरण, सुमारे साडेतेरा टीएमसी पाण्याचं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पाऊस नुकताच उघडला होता. एवढं पाणी आणि त्यात उतरलेले हिरवे डोंगर बघून आम्ही मुली हरखून गेलो, फोटो काढले. पुढे अभयारण्यात शेकरू दिसावा म्हणून माना दुखेपर्यंत झाडं न्याहाळली. शेकरू दिसला नाही, त्याची फांद्यांमधली घरटी दिसली. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ सालचं, सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं, हे मी वहीत लिहून घेतलं. त्या पाण्याखाली काय गेलं, त्या रानात कोण राहतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. इतर कुणालाही नाही.

वाडीवर ज्यांच्या घरात मला एक खोली मिळाली, त्या आजींचं ऋण सांगावं म्हणून हे लिहिते आहे. जातीने महादेव कोळी, अंगाने काटक, बोलायला तोडून टाकणाऱ्या. खोलीचं भाडं दर महिन्याला मोजून घ्यायच्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, “बाई, गाव कोणतं तुमचं?”

“निमगाव सावा.”

“म्हंजी बेल्ह्याच्या अंगाला. कांद्याचा मुलूख.”

मला नवल वाटलं. आजी म्हणाल्या, “आमी येतो ना लागणीला.”

आमच्याकडे कांद्याच्या लागणीच्या दिवसांत नारायणगावहून टेम्पो भरून मजूर यायचे. बायका, पुरुष, कडेवरची पोरं. आम्ही त्यांना ‘डोंगराकडची माणसं’ म्हणायचो. रोपं लावता लावता त्या बायका गाणी म्हणायच्या, रात्री गोठ्यालगतच्या पडवीत निजायच्या. माझं सगळं लहानपण त्यांच्या हातांनी लावलेल्या कांद्यावर गेलं. शाळेची फी, डी.एड.चा खर्च, सहलीचे पैसे त्यातूनच आले. तरी त्यांच्यातल्या एकीच्याही गावाचं नाव मला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर वर्ग निम्म्याने रिकामा झाला. मी हजेरीपटावर रोज गैरहजेऱ्या मांडत होते आणि चिडत होते. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, हे आमचं पाठ केलेलं वाक्य मीही आजींपुढे बोलून दाखवलं. त्या चूल फुंकत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, “पोरं कुठं गेली काय इचारता बाई? तुमच्याच गावाला गेलीत.”

त्या वाक्यानंतर मी शिक्षिका व्हायला लागले असं मला वाटतं. पदविका आधीच मिळाली होती, ती गोष्ट वेगळी. मागे राहिलेल्या आज्यांना भेटून कोणती मुलं वाडीवर ठेवता येतील याची जुळवाजुळव आम्ही केली. त्यात पुढाकार आजींचा होता. दोन मुली तर त्यांनी स्वतःच्याच घरी ठेवून घेतल्या.

खोऱ्याचा भूगोलही मी त्यांच्याकडूनच शिकले. तालुक्याला ज्या आंबेगावचं नाव आहे, ते बाजाराचं गाव धरणात गेलं. कचेऱ्या घोडेगावात आणि गाव पाण्यात. नदीकाठची सपाट भातखाचरं बुडाली तेव्हा माणसं उतारावर सरकली. उतारावर भात घ्यायचं तर आधी जमीन करावी लागते. दगड फोडायचे, ताली रचायच्या, माती अडवून खाचर बांधायचं, आणि हे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून करायचं. याला ते पडकई म्हणतात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलं की उघड्या पडलेल्या काठावर गाळपेर करतात. या गाळपेरीसाठी आणि जलाशयातल्या मासेमारीच्या हक्कासाठी ‘शाश्वत’ संस्थेच्या कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर इथल्या धरणग्रस्तांबरोबर वर्षानुवर्षं झगडले. पडकईला रोजगार हमीत जागा मिळाली तीही अशाच खटपटीने. आजी कुसुमताईंचं नाव घेताना आवाज खाली आणायच्या. एरवी त्यांचा आवाज अख्ख्या वाडीला ऐकू जायचा.

बाळहिरड्याच्या दिवसांत मी त्यांच्याबरोबर रानात जाऊ लागले. कोवळी फळं वाळवून विकायची, तो वाडीच्या हातातला रोख पैसा. कुठल्या झाडाचा हिरडा कोणत्या घराचा, हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. किलो, भाव, तूट, वटाव हे सगळं मी मुलांना हिरड्यावर शिकवलं. नफा-तोट्याच्या गणितात नापास होणारी मुलं वाटेवर पडलेला हिरडा उचलून, वाळल्यावर त्याचं वजन किती भरेल ते सांगायची. परीक्षा त्यांची की माझी, असा प्रश्न मला तेव्हा पडायचा.

एकदा चौथीच्या वर्गात मी फळ्यावर कुकडी प्रकल्प काढला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आपलं डिंभे. डिंभ्याचा डावा कालवा येडगावच्या जलाशयात जातो, येडगावचं पाणी पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. आमच्या पूर्व भागात ज्या आवर्तनाची घरोघर वाट बघतात, त्याचा हिशेब या पाच धरणांवर चालतो, हेही सांगितलं. मागच्या रांगेतल्या मुलाने विचारलं, “मग बाई, उन्हाळ्यात आमच्या विहिरीत का नसतं?” पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी आजींना विचारलं. त्यांनी हाताने दाखवलं: पाणी खाली, आपण वर.

पुढे माझी बदली खाली झाली. ३० जुलै २०१४ला माळीण डोंगराखाली गेलं. सकाळी आलेल्या एसटीच्या चालकाला गावच जागेवर दिसलं नाही; १५१ माणसं गेली. ते याच खोऱ्यातलं गाव. आजींच्या वाडीचा फोन लागेना. त्या सुखरूप आहेत हे कळेपर्यंत मी शाळेत काय शिकवलं ते आज आठवत नाही. निमगावात लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं, तो भाग कसा आहे, माणसं कशी आहेत. मी पुष्कळ बोलले. जे बोलले त्यातलं बहुतेक आजींचं होतं.

मध्यंतरी एका मे महिन्यात वडिलांना घेऊन गेले. नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत डिंभ्याच्या काठाने वर चढलो. पाणी खूप हटलं होतं, जुन्या आंबेगावची देवळं उघडी पडली होती. आता तिथे पर्यटकही येतात. आजींनी वडिलांना काठावरची एक चिखलवट दाखवली आणि आपलं खाचर नेमकं कुठे होतं ते सांगितलं. वडील शेतकरी; त्यांनी मातीचा पोत विचारला, भात एकरी किती व्हायचा ते विचारलं. दोघं बराच वेळ बोलत बसले, मी मध्ये पडले नाही.

निघताना वडिलांनी तांदूळ मागितला. इंद्रायणी, पडकईच्या खाचरातला. आजींनी भाव सांगितला. बाजार समितीत उभी हयात गेलेल्या माणसाच्या सवयीने वडील म्हणाले, “पाच रुपये कमी करा की.”

“कांदं लावाया आलो तवा मजुरी तुमी ठरवायचा,” आजी म्हणाल्या. “तांदळाचा भाव मी ठरवीन.”

वडील मोठ्याने हसले आणि पैसे दिले. आजींनी ते दोनदा मोजून घेतले.