कॉपी होते म्हणजे बॅकअप आहे असं नाही

आमच्या भागातल्या पतसंस्था, सोसायट्या, शाळा यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. बॅकअपचं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, "आहे की! दुसऱ्या मशीनवर सगळं आपोआप कॉपी होतं." खरी गोची इथेच आहे मंडळी.

क्षणाक्षणाला आपोआप होणारी ही कॉपी म्हणजे रेप्लिकेशन. एक मशीन बंद पडलं तर दुसरं तयार, काम थांबत नाही. सोय चांगलीच आहे. पण इकडे कुणी फोल्डर उडवलं की तिकडूनही उडतं. इकडे रॅन्समवेअरने फायली कुलूपबंद केल्या की तिकडेही तेच. एका संस्थेत, नाव घेत नाही, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही मशीन ठणठणीत आणि खातेदारांची एकही फाईल उघडेना! छापील लेजर बघून नोंदी पुन्हा भराव्या लागल्या. तोवर म्हातारे ठेवीदार रोज दारात.

बॅकअप म्हणजे कालची, परवाची, गेल्या महिन्याची स्थिती परत आणता येणं. झेडएफएससारख्या फाईल सिस्टीममध्ये दर तासाला स्नॅपशॉट घेता येतो. बदललेला भागच नवी जागा खातो, त्यामुळे फार खर्च येत नाही. विंडोजमध्येही शॅडो कॉपी असते, पण रॅन्समवेअर बऱ्याचदा आधी तीच पुसतं. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असेल तर डिस्कबरोबर तोही जातो. म्हणून एक प्रत वायर काढून, दुसऱ्या इमारतीत ठेवलेली हवीच.

मोठ्यांचंही यात चुकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींची जी-ड्राइव्ह गेली, तब्बल ८५८ टेराबाइट. बाहेर प्रत नव्हती. कारण काय, तर साठा फार मोठा! २०१७ मध्ये गिटलॅब कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप बघायला गेले तर तो कित्येक दिवस होतच नव्हता, आणि कुणाला पत्ता नाही. सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांश, चहा-नाश्ता यावर आपण तासभर बोलतो. यंदा उभं राहून एवढं विचारा: आठवड्यापूर्वीची फाईल परत मिळेल का? एक प्रत इमारतीबाहेर आहे का? आणि बॅकअप उघडून, डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलं, तारीख सांगा.

तारीख सांगता आली नाही तर तसं इतिवृत्तात लिहून घ्या. ठेवी आपल्या आहेत, विचारायचा हक्कही आपलाच.