दालेमच्या वाटेवर

वाचकहो, बर्लिन नगरीच्या नैर्ऋत्येस दालेम नावाचे एक शांत उपनगर आहे. शहरातून निघालेली भुयारी रेल्वे येथे पोहोचेपर्यंत उघड्यावर आलेली असते. विद्यापीठाच्या स्थानकावर उतरले की दुतर्फा उंच वृक्ष, बंगल्यांच्या बागा आणि सायकलींवरून वर्गाकडे निघालेले विद्यार्थी दृष्टीस पडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनचे जुने विद्यापीठ सोव्हिएत विभागात राहिले. तेव्हा विद्यार्थी आणि अध्यापक यांनी पुढाकार घेऊन १९४८ साली पश्चिम भागात 'फ्री युनिव्हर्सिटी' स्थापन केली. तिचा बराचसा पसारा याच परिसरात आहे.

स्थानकापासून जवळच ईनेश्ट्रासे या रस्त्यावर २२ क्रमांकाची एक जुनी इमारत आहे. आज तेथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. १९२७ साली मात्र येथे मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था सुरू झाली होती, आणि त्यानंतर थोड्याच काळात एक मराठी तरुणी तेथे संशोधनासाठी दाखल झाली. पुढे 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे त्या याच.

इरावतीबाईंचे जाणे सुखासुखी झाले नाही. सासरे महर्षी कर्वे या प्रवासास अनुकूल नव्हते. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून आलेले असल्याने त्यांचा पाठिंबा होता. पण पैशाचे काय? अखेर डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. हेच जीवराज मेहता पुढे १९६० साली गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले.

आज आपल्या घरातील एखादी मुलगी किंवा मुलगा पीएच. डी.साठी जर्मनीस जावयाचे म्हणू लागला, तर घरात हेच दोन प्रश्न उभे राहतात: जावे कशासाठी, आणि खर्च कोणी सोसावा? व्हिसाच्या अर्जातही नेमके हेच विचारलेले असते. म्हणून दालेमची वाट विमानतळावर सुरू होत नाही. ती घरातल्या कपाटात, गुणपत्रिकांच्या पिशवीपाशी सुरू होते.

प्रथम मार्गदर्शक शोधावा लागतो. जर्मन भाषेत संशोधनाच्या मार्गदर्शकास 'डॉक्टरफाटर', म्हणजे डॉक्टर-पिता, असे म्हणण्याची जुनी चाल आहे. मार्गदर्शक स्त्री असल्यास ती डॉक्टर-माता. या शब्दातच नात्याचे स्वरूप आले. प्राध्यापकाने आपल्या विषयाचा आराखडा वाचून लेखी स्वीकृती दिली की मग पुढच्या गोष्टी. काहींना संस्थेत संशोधक म्हणून पगारी नेमणूक मिळते, काहींना शिष्यवृत्ती मिळते, तर काही जण स्वखर्चाने जातात. या तिन्हींची कागदपत्रे सारखी नसतात, म्हणून आपण कोणत्या वाटेने जात आहोत हे आधी ठरवावे. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्या बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना नवी दिल्लीतील केंद्राकडून पदव्यांची पडताळणी करून घ्यावी लागते. काही वर्गांना यातून सूट आहे. आपण त्यात मोडतो की नाही, हे आरंभीच पाहून घ्यावे.

पैशाचा पुरावाही अशाच रीतीने ठरलेला आहे. शिष्यवृत्ती किंवा पुरेसा पगार नसेल, तर अर्जदाराने एक बंदिस्त खाते उघडून त्यात वर्षाचा निर्वाहखर्च आगाऊ ठेवावयाचा. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरविण्यात आली. तिकडे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात. ही फी नव्हे, हे घरातील वडील माणसांना समजावून सांगावे. पैसे आपलेच असतात आणि आपल्याच भाकरीसाठी खर्च होतात. मात्र आकडा पाहून छाती दडपते, हे खरे. शेत विकावे की बँकेचे कर्ज काढावे, असा विचार अनेक घरांत रात्री उशिरापर्यंत चालतो. अशा वेळी कर्ज काढून दालेमला गेलेल्या त्या विद्यार्थिनीची आठवण ठेवावी. आणि कर्ज आपणास झेपेल तितकेच काढावे, हेही विसरू नये.

अर्ज कोठे करावयाचा, हे आपल्या राहत्या ठिकाणावरून ठरते. नागपूर, इंदूर, बडोदे वा पणजी येथील रहिवाशांना मुंबईचा जर्मन महावाणिज्य दूतावास, बेळगावकरांना बंगळूर, दिल्लीकरांना अर्थातच तेथील वकिलात. अर्ज आता संगणकावरून भरता येतो. तरी बोटांचे ठसे देण्यासाठी आणि मूळ कागद दाखविण्यासाठी एकदा स्वतः जावेच लागते. ७५ युरोंइतके शुल्क रुपयांत घेतले जाते.

या साऱ्या कागदांत एकच कागद अर्जदाराच्या स्वतःच्या शब्दांतला असतो: आपला हेतू सांगणारे पत्र. नेमकी फसगत येथेच होते. काही जण दलालाकडून तयार पत्र विकत घेतात. त्यात जर्मन संस्कृतीची स्तुती भरपूर असते, पण संशोधनाचा प्रश्न मात्र सापडत नाही. काही जण चार दिवसांपुरते उसने पैसे खात्यात दाखवितात. वाचकहो, असे कदापि करू नका. खोटी माहिती दिल्याचे उघडकीस आले, तर व्हिसा नाकारला जातो किंवा मिळालेलाही रद्द होतो. शिवाय पूर्वी नकाराविरुद्ध दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नवा अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे, एवढेच मार्ग उरले आहेत. तेव्हा पहिलाच अर्ज पूर्ण आणि खरा असावा. माझा प्रश्न हा आहे, तो याच प्राध्यापकाकडे का न्यावासा वाटतो, आजवर मी काय शिकलो आणि पुढे काय करणार, एवढे साध्या भाषेत एक-दोन पानांत लिहिले तरी पुरते.

व्हिसा हाती आला म्हणजे सारे संपले असेही नाही. बर्लिनमध्ये बिऱ्हाड केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. आरोग्यविमा सक्तीचा आहे. त्यानंतर व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी निवासपरवान्यासाठी वेगळा अर्ज करावयाचा असतो. प्रबंध इंग्रजीत लिहिण्याची मुभा पुष्कळ ठिकाणी मिळते. पण घरमालकाशी आणि कचेरीतल्या बाईंशी बोलताना थोडेफार जर्मन येत असेल, तर परकेपणा निम्म्याने कमी होतो.

आता पुन्हा ईनेश्ट्रासेवरील त्या इमारतीकडे वळू. तिच्या दाराशी एक स्मृतिफलक आहे. वंशश्रेष्ठत्वाच्या विचारास विज्ञानाचे रूप देणाऱ्यांत ही संस्था होती, आणि नाझी राजवटीत तिचे हात भयंकर अपराधांनी माखले, याची तो आठवण देतो. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील विषमता हा विषय त्यांना मिळाला होता, आणि युरोपीयांच्या कवट्या वेगळ्या ठराव्यात अशी गुरूंची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. मापांतून तसा भेद निघाला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तो निघाला नाही असेच लिहिले. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर राहून, ज्यांच्या हाती पदवी त्यांच्याच मताविरुद्ध असे लिहिणे सोपे नव्हते. पदवी मिळाली, त्या मायदेशी परतल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन व संशोधन केले.

आपल्या घरातील संशोधक कधी दालेमला गेला, तर त्याने त्या दाराशी थोडा वेळ थांबावे. व्हिसाच्या पत्रात जे खरे होते तेच लिहून तो येथवर आला असेल, तर पुढे प्रबंधातही तसेच लिहिणे त्यास जड जाणार नाही.